दुचाकीला मज्जाव

वर्ध्याच्या पोरांनी मोटरसायकलवरून लांब जायचं ठरवलं की पहिला पाणउतारा समृद्धी महामार्ग करतो. नागपूर-मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता सेलू, आर्वीच्या शिवारातून जातो, पण दुचाकीला त्यावर मज्जाव. (तिथला वेग पाहता ते बरोबरच, पण पोरांसमोर बोलायची सोय नाही.) मग हिंगणघाटहून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 काय वाईट आहे? श्रीनगर ते कन्याकुमारी, देशातला सर्वांत लांब. वडनेर, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद करत सरळ दक्षिणेला. बेत मात्र महिनाभर शिजतो. ‘सोयाबीन विकलं की निघू’ म्हणणारा कापूस वेचणीत अडकतो; ‘घरी विचारून सांगतो’वाला तिथंच गळाला समजावा. उरलेले कामाला लागतात. चेन टाइट करून तेल पाजायचं, जादा क्लच केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून ठेवायची, म्हणजे माळरानात तुटली तर फक्त टोकं अडकवली की झालं. बॅगेत पंक्चरचं सामान, त्यावर गोरसपाकाचा पुडा. निघायचं ठरतं पहाटे पाचला, आणि साडेआठला मंडळी हिंगणघाटात तर्री-पोह्याची दुसरी प्लेट मागवत असतात.