रस्ता गुगलला विचारा, पण पैशाचा नंबर पासबुकातूनच घ्या

मुंबई उपनगर : गावाकडच्या माणसाची मुंबई घाटकोपरच्या चाळीत, मुलुंडच्या पाहुण्याकडे, अंधेरीच्या कंपनीत नाहीतर बोरिवलीच्या एसटी थांब्यावर असते. कुणाचा मुलगा तिथं नोकरीला, कुणाची बहीण दिलेली, तर कुणी आई-वडिलांना दवाखान्यात दाखवायला घेऊन गेलेलं. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीनच तालुके त्यात आहेत. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात.

या तीन तालुक्यांत आता फोनशिवाय पान हलत नाही. रस्ता, लोकलचं तिकीट, दुकानदाराचे पैसे, दवाखान्याचा पत्ता, सगळं फोनवर. गेल्या काही वर्षांत फोनमध्ये मराठीत बोलून शोधायची सोय आली, फोटोवरून वाचून दाखवायची सोय आली, चोरी झाली तर आपोआप कुलूप लागायची सोयही आली. यातलं बहुतेक सगळं दहा-बारा हजारांच्या साध्या फोनवरही चालतं, म्हणजे गावातल्या माणसालाही ते तेवढंच उपयोगाचं. पण फोनने दिलेल्या कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्या नाही, हे कुणी शिकवत नाही. आणि पैसे जातात ते तिथंच.

टाइप येत नसेल तरी चालेल

गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून शोधायची सोय दिली. शोधायच्या चौकटीतलं माइकचं चिन्ह दाबायचं आणि नेहमीसारखं बोलायचं. 'घाटकोपर स्टेशनवरून राजावाडी हॉस्पिटलला कसं जायचं' असं विचारलं की नकाशा समोर येतो. ज्यांना मराठी टायपिंग जमत नाही, इंग्रजी अक्षरांची भीती वाटते, अशा वयस्कर माणसांसाठी हा एक माइक म्हणजे मोठा आधार आहे.

दुसरी सोय गुगल लेन्सची. औषधाची बाटली, खताची गोणी, दवाखान्याचा कागद, यावरचा छापील इंग्रजी मजकूर कॅमेऱ्यासमोर धरला की तो मराठीत करून दाखवतो आणि वाचूनही दाखवतो. छापील अक्षर ते बरं वाचतं. डॉक्टरांचं हाताने लिहिलेलं अक्षर मात्र चुकू शकतं. म्हणून गोळी किती वेळा घ्यायची हे मेडिकलवाल्याला किंवा नर्सलाच विचारावं. तेच पिकाच्या रोगाचं. पानाचा फोटो दाखवून रोगाचं नाव मिळतं, पण तो अंदाज असतो. फवारणीचं प्रमाण कृषी सहायकाला विचारूनच ठरवावं.

तिसरी सोय गप्पा मारल्यासारखं उत्तर देणाऱ्या एआयची. गुगलचं जेमिनी ॲप भारतात जून २०२४ मध्ये आलं ते मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊनच. अर्ज लिहून घेणं, इंग्रजी पत्राचा अर्थ समजून घेणं, एखाद्या योजनेला साधारण काय कागदपत्रं लागतात हे विचारणं, यासाठी ते चांगलं आहे. पण हे यंत्र चुकलं तरी ठामपणेच बोलतं. जुन्या वर्षाची तारीख किंवा दुसऱ्या राज्याचा नियम आपल्या योजनेला लावून मोकळं होतं. अर्जाची शेवटची तारीख महाडीबीटीच्या पानावर स्वतः पाहिल्याशिवाय खरी धरू नये.

लोकल, मेट्रो आणि तिकिटाची रांग

उपनगरात पहिल्यांदा उतरणाऱ्याची खरी अडचण वेळापत्रक आणि तिकीट. वेळापत्रकासाठी मुंबईकरांच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर असतंच. सचिन टेके या मराठी तरुणाने २०१० मध्ये ते सुरू केलं. नेट नसतानाही त्यात गाडीची वेळ दिसते. जलद गाडी कुठं थांबते आणि कुठं नाही, हे चढायच्या आधी पाहून घेतलं तर बोरिवलीला जाणारा माणूस विरारला पोचत नाही.

तिकिटासाठी रेल्वेचं स्वतःचं रेलवन हे ॲप १ जुलै २०२५ रोजी सुरू झालं. जुन्या यूटीएस ॲपवर होणारी कामं त्यात आली आहेत. लोकलचं तिकीट, पास, प्लॅटफॉर्म तिकीट आणि लांबच्या गाडीचं आरक्षण एकाच ठिकाणी मिळतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. तिकीट गाडीत बसण्याआधी काढायचं. टीसीला ते ॲपमध्येच उघडून दाखवायचं, दुसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

घाटकोपर ते अंधेरी जायला पूर्वी रस्त्याने तास-दीड तास सहज मोडायचा. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि ११.४ किलोमीटरचा हा पूर्ण मार्ग साधारण २१ मिनिटांवर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन नावाचं ॲप आलं. त्यात मेट्रो, मोनो, लोकल आणि बेस्टसह ११ सार्वजनिक वाहतूक सेवा एकत्र आणल्या आहेत. एका प्रवासात दोन-तीन वाहनं बदलायची असतील तर ते कामाचं आहे.

उपनगरात बसून गावचा सातबारा

हीच सोय उलट दिशेनेही चालते. मुलुंडला राहणाऱ्या खातेदाराला सातबाऱ्यासाठी रजा टाकून गावी यायची गरज नाही. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. त्यावर तलाठ्याची वेगळी सही लागत नाही. गावात राहणाऱ्या भावाला तो व्हॉट्सॲपवर पाठवताही येतो.

ई-पीक पाहणीचं तसं नाही. पिकाची नोंद शेतात उभं राहून, फोटो काढूनच करावी लागते. मुंबईतल्या भावाने गावातल्या भावाला वेळेत आठवण करावी, एवढंच त्याच्या हाती आहे. नोंद राहिली तर नुकसानभरपाई आणि हमीभावाच्या खरेदीत अडचण येते.

खरी गोम : नंबर लिहिला कुणी?

वरच्या साधनांचे दोन गट पडतात. रेलवन रेल्वेचं, सातबारा भूमी अभिलेखचा, बँकेचं ॲप बँकेचं. इथं माहिती देणारा आणि पैसे घेणारा एकच, म्हणून चूक झाली तर जबाबदार कोण ते ठरलेलं असतं. दुसऱ्या गटात गुगल, नकाशा आणि एआय. ही साधनं दहा ठिकाणची माहिती गोळा करून समोर ठेवतात. ती लिहिली कुणी हे आपल्याला दिसत नाही.

याचा फटका मुंबई-ठाण्याने फार आधी खाल्ला आहे. गुगल मॅपवर कुठल्याही कार्यालयाच्या माहितीत बदल सुचवायची सोय सगळ्यांना असते. २०१८ मध्ये चोरांनी तिचाच फायदा घेतला आणि बँक ऑफ इंडियाच्या शाखांपुढे स्वतःचे मोबाइल नंबर टाकले. ग्राहक बँक समजून फोन करायचे. पलीकडचा माणूस गोड बोलून कार्डाचा नंबर आणि पिन काढून घ्यायचा. त्याच वर्षी भविष्य निर्वाह निधीच्या मुंबईतल्या कार्यालयाच्या नंबराबाबतही असाच प्रकार झाला. यात बँकेचं यंत्र कुणी फोडलं नव्हतं. फक्त पाटीवरचा नंबर बदलला होता.

एआय आल्यावर हा धोका कमी झालेला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत एका प्रवाशाने जहाज कंपनीचा ग्राहक सेवा नंबर गुगलवर शोधला. वर आलेल्या एआयच्या उत्तरात जो नंबर होता तो भामट्याचा निघाला. पूर्वी दहा निकाल दिसायचे, माणूस दोन तरी पडताळायचा. आता एकच उत्तर नीट वाक्यात लिहून येतं, म्हणून शंकाही येत नाही.

गावात हा डाव कुरिअर, गॅस, वीजबिल, अडकलेलं यूपीआय पेमेंट यांच्या नावाने चालतो. माणूस अडचणीत असतो, ऑफिसचा फोन लागत नाही, म्हणून तो गुगलवर नंबर शोधतो. पलीकडून 'साहेब' बोलतो आणि स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो. मग ओटीपी आपण न सांगताही त्याला दिसतो. पीएम किसान किंवा आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइलही त्याच जातीची. ती उघडली की फोनची चावी चोराच्या हातात.

ओळखायच्या खुणा आता थोड्या सोप्या झाल्यात. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं होतं. सरकारी पानांच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. बँकांचे सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून यावेत, असा नियम लागू होत आहे. गुगलच्या निकालावर 'प्रायोजित' लिहिलं असेल तर ती पैसे देऊन लावलेली जाहिरात आहे. वर आली म्हणजे खरी, असं नसतं.

फोनच हिसकावला तर

लोकलच्या दारात फोनवर बोलणाऱ्याच्या हातावर काठी मारून फोन पाडणाऱ्यांना मुंबईत 'फटका गँग' म्हणतात. गावाकडून आलेला माणूस हमखास दारात उभा राहतो. फोन गेला की आता बँकही जाते.

अँड्रॉइड फोनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून चोरीचं कुलूप यायला लागलं. कुणी फोन हिसकावून पळाला किंवा गाडीवरून निघाला, तर तो धक्का ओळखून पडदा बंद होतो. अँड्रॉइड १० आणि पुढच्या बऱ्याच फोनवर ही सोय मिळते. सेटिंगमध्ये गुगल, त्यात चोरीपासून संरक्षण हा भाग उघडून ती आधीच चालू करावी लागते. तिथंच दुरून कुलूप लावायची सोयही चालू करता येते. मग सोबतच्या माणसाच्या फोनवरून आपला नंबर टाकून फोन बंद करता येतो.

संचार साथी ही केंद्राची सेवा मे २०२३ मध्ये सुरू झाली, तिचं ॲप जानेवारी २०२५ मध्ये आलं. पोलिस तक्रार आणि फोनचा आयएमईआय नंबर दिला की चोरीचा फोन देशभर बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही तिथं दिसतं. प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप सक्तीने टाकायचा आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला होता. सरकार पाळत ठेवेल अशी टीका झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. म्हणजे ॲप ठेवायचं की नाही हे मालकाने ठरवायचं. ज्याला ॲप नको, त्याला हेच काम संकेतस्थळावरून करता येतं.

जबाबदारी फक्त गावकऱ्याची?

'सावध राहा' हे सांगणं सोपं आहे. पण लोक गुगलवर नंबर का शोधतात याचंही उत्तर हवं. शाखेचा फोन उचलला जात नाही. तालुक्याच्या ऑफिसच्या पाटीवर नंबर नसतो, असला तर बंद असतो. अर्जाची वेबसाइट अर्धी इंग्रजीत. खरा नंबर सहज मिळत नाही तेवढ्याच जागेत खोटा नंबर घुसतो.

गावात यावर फार खर्च नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर योजनांच्या जाहिराती रंगवतात, तिथंच बँकेचा, महावितरणचा, कृषी कार्यालयाचा खरा नंबर आणि मोठ्या अक्षरात १९३० रंगवता येईल. ग्रामसभेत तसा ठराव घेता येतो. बँकेच्या शाखेनेही आपला नंबर मॅपवर बरोबर आहे का, हे महिन्यातून एकदा पाहायला हवं. २०१८ च्या प्रकरणानंतर तरी हे काम ग्राहकाचं म्हणता येणार नाही.

कागदावर लिहून ठेवा

- रस्ता, वेळ, भाषांतर : गुगल, नकाशा, एआय खुशाल वापरा.
- पैसे, ओटीपी, खातं : नंबर फक्त पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या.
- पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.
- ॲप फक्त प्ले स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडू नका.
- *#०६# डायल करा, आलेला आयएमईआय नंबर घरच्या वहीत लिहा.
- फोन गेला : आधी दुसऱ्या फोनवरून कुलूप, मग सिम बंद, मग बँक, मग पोलिस आणि संचार साथी.
- पैसे गेले : लगेच १९३०. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतो. ते काढून घ्यायच्या आत तक्रार पोचली तर रक्कम रोखता येते. 'उद्या बँकेत जाऊन बघू' म्हटलं की उशीर झाला.