महानायकाचा सूर
अतिमानवी शक्तीच्या नायकावर चित्रपट काढायचा, तर संगीतकार कसा निवडावा? गाणी लोकप्रिय करणारा संगीतकार पार्श्वसंगीतही तितक्याच समर्थपणे देईल, असे नाही. ही दोन निराळी कौशल्ये आहेत. ‘क्रिश’ (२००६) या चित्रपटात गाण्यांचे संगीत राजेश रोशन यांचे, तर पार्श्वसंगीत सलीम-सुलेमान यांचे होते. १९७८ च्या ‘सुपरमॅन’साठी जॉन विल्यम्स यांनी रचलेली धून ऐकताच नायक डोळ्यांपुढे उभा राहतो. मराठी महानायकाला मात्र उसना सूर शोभणार नाही. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद वापरला, पण मराठी मातीचा ठेका सोडला नाही. म्हणून निर्मात्याने केवळ प्रसिद्ध नाव पाहू नये; ढोल, हलगी, संबळ जाणणारा आणि वाद्यवृंदही पेलणारा संगीतकार निवडावा.