मोर्चा संपल्यावर

३ फेब्रुवारी २०२० ची सकाळ वर्धा जिल्ह्यातील लेकीबाळींची घरे विसरलेली नाहीत. हिंगणघाटच्या नंदोरी चौकात, कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आले. हे करणारा तिच्याच गावचा होता. सात दिवस तिने मृत्यूशी झुंज दिली आणि १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात ती अल्लाहला प्यारी झाली. त्या आठवड्यात हिंगणघाटात मोर्चे निघाले, बाजार बंद राहिला, शाळा-कॉलेजच्या मुली मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या.

बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने महिलांच्या सुरक्षेसाठी ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले, पण ते कायदा म्हणून कधी लागू झाले नाही. मोर्च्यातून घरी परतलेल्या मुली मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने, त्याच ऑटोने, त्याच वर्गात गेल्या. त्यांच्यापैकी एखादीच्या मागे कुणी लागले असेल, तर तिने ते कुणाला सांगायचे होते?

या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यात तेव्हाही लिहिलेले होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा आहे. कॉलेजे आणि विद्यापीठे त्यात येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक, सोबत शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या संस्थेचा एक प्रतिनिधी. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थीही बसतात. हे विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचे नसतात, ते लोकशाही पद्धतीने निवडून यायला हवेत.

म्हणजे मुलींसाठी कायद्याने जागा राखून ठेवली आहे, पण आपल्या किती मुलींना ती माहीत आहे? अनेक ठिकाणी समितीची नावे एका फलकावर असतात, फलक कार्यालयाच्या बोळात असतो आणि त्यावरच्या सदस्य दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या असतात. निवडणूक कधी झाली, कुणाला कळलेले नसते.

या समितीमुळे हिंगणघाटची घटना टळली असती, असे म्हणणे खोटे ठरेल. चौकातला गुन्हा हे पोलिसांचे काम आहे आणि पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हाच आहे. पण मोठी संकटे पुष्कळदा लहान पावलांनी येतात. वर्गाबाहेर रोज उभा राहणारा, मोबाइलवर नको ते पाठवणारा, गुण कापण्याची धमकी देणारा. त्या लहान पावलांची वेळीच लेखी नोंद करून घेणारी जागा कॉलेजातच असावी, एवढाच या समितीचा अर्थ. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. तक्रारदार मुलीचे नाव जाहीर करता येत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या शिक्षकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. तिला पोलिसांत जायचे असेल तर संस्थेने मदत करायची असते.

“मुलीने तक्रार करत फिरणे बरे दिसत नाही,” असे आपल्या घरांत अजून म्हटले जाते. असे म्हणणाऱ्यांनी कुरआनची अठ्ठावन्नावी सूरह आठवावी. हजरत खौला बिन्त सअलबा (रजि.) यांच्या पतीने जाहिलियतच्या रूढीप्रमाणे त्यांना ‘आईसारखी’ म्हणून दूर लोटले. त्या प्रेषितांकडे (स.) आल्या, बाजू मांडली, उत्तराने समाधान झाले नाही तेव्हा पुन्हा मांडली. हजरत आयशा (रजि.) त्याच घराच्या एका कोपऱ्यात होत्या आणि त्यांनाही सगळे बोलणे ऐकू येत नव्हते. पण अल्लाहने ते ऐकले, आणि ती अन्यायाची रूढी मोडणारा हुकूम उतरला. त्या सूरहचे नावच ‘अल-मुजादला’ आहे, म्हणजे आपले म्हणणे हिरिरीने मांडणारी स्त्री. कयामतपर्यंत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात एका स्त्रीच्या तक्रारीला हा मान मिळाला. मग लेकीने अर्ज लिहिला तर घराण्याची इज्जत कशी जाते?

आता सेवाग्रामकडे वळू, कारण मुलींच्या संघटनाची वाट आपल्याच जिल्ह्यात आधी पडलेली आहे. डॉ. सुशीला नायर या एका स्त्रीने १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी आश्रमात राहावे लागते, पुढे एक गाव दत्तक घेऊन तिथल्या कुटुंबांकडे नियमित जावे लागते. याच संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने अंजी, गौळ, तळेगाव या भागांत किशोरी पंचायती सुरू केल्या. किशोरवयीन मुली एकत्र बसतात, रक्तक्षय, मासिक पाळी, स्वच्छता यांवर बोलतात, आणि शिकलेले घरी-दारी पोहोचवतात. ज्या वयात मुलीला ‘मोठ्यांत बोलू नकोस’ सांगितले जाते, त्या वयात तिला बैठकीत बसण्याची सवय लागते. अशी सवय असलेली मुलगी कॉलेजात आली की फलक वाचते आणि त्यावरची नावे जुनी असतील तर विचारते.

सेवाग्रामच्या आश्रमात एक मुस्लिम स्त्रीही राहून गेली. आपल्या घरांत तिचे नाव फारसे घेतले जात नाही. बीबी अमतुस्सलाम पतियाळाच्या. नमाज-रोजा सांभाळून त्या गांधीजींसोबत राहिल्या. दंगलींनंतर त्या बंगालात नौखालीला गेल्या. शिरंडी गावात हिंदूंची पूजेची खड्गे पळवली गेली होती. त्यातले एक परत मिळेना, म्हणून आपल्याच धर्मबांधवांच्या मनाला साद घालत त्या उपोषणाला बसल्या. पंचविसाव्या दिवशी, जानेवारी १९४७ मध्ये, गांधीजी तिथे पोहोचले. गावातील मुस्लिम पुढाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या रक्षणाची हमी लिहून, सह्या करून दिली, तेव्हाच उपोषण सुटले. फाळणीनंतर पळवून नेलेल्या स्त्रियांना सोडवण्यासाठी त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरल्या. शिरंडीत त्यांनी तोंडी आश्वासनावर काम थांबवले नाही, हे मुलींनी ध्यानात ठेवावे. कार्यालयात ‘बघतो, करतो’ ऐकून परत येऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारीख आणि शिक्का घ्यावा.

सुरुवातीला पाच जणी पुरतात. आठवड्यातून एक तास, दोन तासिकांच्या मधला. एक वही: आज काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. गट फक्त मुस्लिम मुलींचा नसावा. स्वच्छतागृहाची कडी तुटलेली असेल, एसटी वेळेवर येत नसेल किंवा समिती कागदावरच असेल, तर त्याचा त्रास सगळ्याच मुलींना होतो. एखाद्या मॅडमना आधीपासून विश्वासात घ्यावे, आणि घरीही सांगावे. लपवून केलेल्या चांगल्या कामावरही संशय येतो.

पहिले काम समितीचे. नावे मिळवा, ती फलकावर आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर लावण्याचा अर्ज द्या, विद्यार्थी सदस्यांची निवडणूक मागा. उत्तर आले नाही आणि कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आवाज न चढवता बरेच काही हलते.

दुसरे काम मतदार यादीचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. सतरा पूर्ण झालेली मुलगी नमुना ६ आगाऊ भरू शकते. निकाहनंतर सासरी गेलेल्या मुलींची नावे बरेचदा माहेरच्याच यादीत राहतात. पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ आहे. कॉलेजच्या पाच मुलींनी आपल्या मोहल्ल्यात एक रविवार काढला तर कितीतरी भाभी-आपांची नावे योग्य जागी येतील. ज्या यादीत आपले नाव नाही, त्या प्रभागाचा नगरसेवक आपल्या गल्लीतील नालीकडे का बघेल?

काही अब्बू म्हणतील, “शिकायला पाठवली आहे, राजकारण करायला नाही.” काळजी खरी आहे. पण अर्ज लिहिणे, पोच सांभाळणे, चार जणींत आपले म्हणणे नीट मांडणे, दुसरीचे गुपित गुपित ठेवणे हेही शिक्षणच आहे. पुढे हीच मुलगी रेशनच्या रांगेत, मुलांच्या शाळेत, शासकीय रुग्णालयात उभी राहणार आहे. गप्प राहायची सवय झालेल्या पदवीधर मुलीच्या पदवीचा तिथे काय उपयोग? आणि कुरआन श्रद्धावंत पुरुष व स्त्रिया यांना एकमेकांचे सहायक म्हणतो, भल्याचा आग्रह आणि बुऱ्याला अटकाव ही जबाबदारी दोघांवर टाकतो. त्यातली लेकींच्या वाट्याची जबाबदारी आपण घरी ठेवून घेऊ शकत नाही.

नवे शैक्षणिक वर्ष सुरू होत आहे. या आठवड्यात दस्तरखानावर लेकीला एवढेच विचारा: तुमच्या कॉलेजच्या तक्रार समितीत विद्यार्थिनी कोण आहेत? तिला माहीत नसेल तर उद्या शोधून यायला सांगा. त्यासाठी तिची नेहमीची ऑटो चुकली, तर अब्बूंनी किंवा भाईने तिला आणायला जावे.