व्यालेल्या गायीची उपासमार

गाय व्याली कीं आपल्या घरांत आनंदीआनंद होतो. बाजरी, गूळ, मेथी शिजवून पांच दिवस तिचें बाळंतपण केलें जातें आणि सहाव्या दिवशीं ती पुनः कडब्यावर येते. हा जुना शिरस्ता संकरित गाय दावणीला आल्यापासून आपणांस फार महाग पडत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कारण उघड आहे. व्याल्यानंतर गायीचें दूध ६ ते ८ आठवड्यांनीं शिगेस पोहोंचतें. तिची भूक मात्र १० ते १२ आठवड्यांपर्यंत पुरती वाढत नाहीं. मधल्या काळांत ती अंगावरील चरबी खर्चून दूध देत असते. ही तूट फार वाढली म्हणजे ती रोडावते, माजावर येण्यास विलंब लागतो व प्रसंगीं कीटोसिसही जडतो. शिगेच्या दुधांत रोज एका लिटरची घट झाली, तर संपूर्ण वेतांत सुमारें २०० लिटर दूध बुडतें, असा ढोबळ हिशेब आहे. मग पेंड वांचवून आपण काय मिळविलें?

‘दूध वाढेल तेव्हां खुराक वाढवूं,’ असें कित्येक म्हणतात. हें उफराटें आहे. शरीरपोषणासाठीं रोज १ ते दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागें १ किलो आंबोण द्यावें. दूध चढतें आहे तोंवर त्याहून थोडें अधिकच असावें. तें एकदम मात्र वाढवूं नये. दोन-तीन दिवसांआड अर्धा किलो चढवावें, नाहींतर पोटांत आम्लता होऊन गाय चारा सोडते. हिरवी व कोरडी वैरण, रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मुबलक पाणी हीं जोडीला हवींतच.

जार पडेपर्यंत वासरास चीक न पाजण्याची समजूतही टाकून द्यावी. जार पडण्यास ८ ते १२ तास लागूं शकतात. वासरास चीक पहिल्या एक-दोन तासांतच मिळाला पाहिजे. तसेंच, दुभती गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांत मान टाकून बसली व तिचे कान गार पडले, तर ती बहुधा कॅल्शियमची उणीव होय. दृष्ट काढीत न बसतां पशुवैद्यास तत्काळ बोलवावें.

पेंड महाग आहे, हें आम्ही जाणतों. परंतु काटकसर करावयाचीच, तर ती वेताच्या अखेरीस, दुधाच्या मानानें करावी. आरंभीं करूं नये. पेरणीच्या वेळीं बीं राखून ठेवणाऱ्यास सुगीला रिकामी खळी पाहावी लागते, हें शेतकरी बंधूंस आम्हीं सांगावयास नको.