पैशाचे सोंग आणता येत नाही

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, हा आपल्याकडील प्रापंचिकांचा अनुभव राष्ट्रांच्या प्रपंचालाही तितकाच लागू पडतो. ४ जुलै १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे भरतात. त्या जाहीरनाम्यातील उदात्त शब्दांचे गोडवे गाणाऱ्यांची जगात कधीच वाण पडलेली नाही. परंतु २ सप्टेंबर १७८९ या तारखेची आठवण सहसा कोणी काढीत नाही. त्या दिवशी अमेरिकेच्या खजिना खात्याचा कायदा झाला. स्वातंत्र्य जाहीर करणारे राष्ट्र राज्य चालविण्यास लायक झाले ते या कायद्याने, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ही अतिशयोक्ती आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी मधल्या तेरा वर्षांची दैना नजरेखालून घालावी.

तेरा राज्यांच्या त्या संघाची जी काँग्रेस होती, तिला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तिने राज्यांकडे मागणी करावयाची आणि राज्यांनी सवडीने व बहुधा अपुरा भरणा करावयाचा, असा तो कारभार. युद्धासाठी छापलेल्या नोटांना अखेर कागदाचीही किंमत उरली नाही. परदेशी मालावर शेकडा पाच जकात बसवू द्या, एवढीच विनवणी काँग्रेसने १७८१ साली केली. तिला तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि बेत बारगळला. दुसरा प्रयत्न न्यूयॉर्कने हाणून पाडला. ज्यांनी रक्त सांडले त्यांच्या वाट्याला ‘गरज सरो, वैद्य मरो’ हाच न्याय आला. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभास्थानालाच वेढा घातला, तेव्हा लोकप्रतिनिधींना तेथून काढता पाय घेऊन प्रिन्स्टन गाठावे लागले! शिपायांच्या हाती रोख पगाराऐवजी सरकारी देण्याचे दाखले पडले होते. चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांनी ते दर्शनी किमतीच्या चतुर्थांशाने, कित्येकांनी त्याहूनही कमी भावाने, विकून टाकले. हे दाखले वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

१७८९ च्या कायद्याने या अंदाधुंदीला लगाम घातला तो एखाद्या थोर पुरुषाच्या सचोटीवर विसंबून नव्हे, तर कोणाच्याच सचोटीवर न विसंबता. मागणी आली की हिशेबतपासनीसाने ती तपासावी, नियंत्रकाने तिच्यावर निर्णय द्यावा, खात्याच्या मंत्र्याने पैसे देण्याचा हुकूम काढावा, त्यावर नियंत्रकाने प्रतिस्वाक्षरी करावी, दफ्तरदाराने नोंद घ्यावी आणि मगच खजिनदाराने थैलीला हात घालावा. कायद्याने मंजूर झाल्यावाचून खजिन्यातून पैसा काढता येणार नाही, हे राज्यघटनेने आधीच बजावले होते. सभागृह इतके सावध, की मंत्र्याने महसुलाच्या योजना ‘सादर’ कराव्यात की केवळ ‘तयार’ कराव्यात या एका क्रियापदावर खल झाला आणि ‘तयार’ हाच शब्द कायम झाला. हा शब्दच्छल नव्हता. थैलीची दोरी कोणाच्या हाती, हाच तो प्रश्न होता.

या खात्यावर पस्तिशीही न गाठलेला अलेक्झांडर हॅमिल्टन आला. संघाचे सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज दर्शनी किमतीने मान्य करावे आणि राज्यांची अंदाजे अडीच कोटींची कर्जेही संघाने शिरावर घ्यावीत, असा अहवाल त्याने जानेवारी १७९० मध्ये दिला. येथे शिपायांच्या दाखल्यांचा प्रश्न उभा राहिला. दाखल्याच्या आजच्या धारकाला बाजारातील चढा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळच्या शिपायाला द्या, अशी सूचना मॅडिसनने मांडली. ती ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. विरोध करणाऱ्या कित्येक सभासदांच्या पेटीत तेच कागद होते. खेड्यापाड्यांतून दाखले गोळा करण्यासाठी तीन जहाजे दक्षिणेकडे निघाल्याचे जॉर्जियाच्या जॅक्सन यांनी भर सभागृहात सांगितले. ज्याच्या हाती रोखा त्याचा पैसा, हे तत्त्व मोडले तर यापुढे सरकारच्या रोख्याला कोण हात लावील, हा हॅमिल्टनचा युक्तिवाद पतीच्या दृष्टीने बिनतोड होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु राष्ट्राची पत सावरली ती कोणाच्या खर्चाने, हे सांगण्याचे त्याच्या चाहत्यांनी टाळू नये.

हॅमिल्टनने स्वतः एक डॉलरही खाल्ला नाही. त्याच्या हाताखालच्याची गोष्ट वेगळी. खजिन्याच्या कोणाही अधिकाऱ्याने सरकारी रोख्यांचा व्यापार करू नये, केल्यास तीन हजार डॉलर दंड व बडतर्फी, असे त्याच कायद्याचे कलम होते. मंत्र्याचा साहाय्यक विल्यम ड्युअर मात्र रोख्यांच्या सट्ट्यात आकंठ बुडाला होता. कुंपणानेच शेत खाल्ले! १७९० साली तो नोकरीतून बाहेर पडला, १७९२ साली त्याचे दिवाळे वाजले व त्याबरोबर न्यूयॉर्कचा बाजारही कोसळला. १७९९ साली तो कर्जदार कैदी म्हणूनच मेला. १७९१ साली बसविलेल्या मद्यावरील कराने पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकरी बिथरले आणि १७९४ मध्ये सुमारे तेरा हजार सैन्य धाडावे लागले, ती हकीकत सर्वश्रुतच आहे.

आमच्या मते या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती १८०१ मध्ये, जेफर्सनचा पक्ष अधिकारावर आला तेव्हा. त्याचा अर्थमंत्री आल्बर्ट गॅलाटिन हा जिनिव्हात जन्मलेला, हॅमिल्टनच्या धोरणाचा कडवा टीकाकार. सप्टेंबर १७८९ च्या पहिल्या खर्चमंजुरीत अवघ्या चार बाबी होत्या: मुलकी कारभार २,१६,००० डॉलर, युद्धखाते १,३७,०००, जुनी थकलेली देणी १,९०,००० आणि जायबंदी सैनिकांची वेतने ९६,०००. अशा ठोक रकमा दिल्या की या बाबीचा पैसा त्या बाबीवर वळविण्यास सरकार मोकळे, हे गॅलाटिनचे दुखणे. प्रत्येक कामासाठी वेगळी रक्कम, हा त्याचा आग्रह. १८०९ च्या कायद्याने तो बराचसा मान्य झाला. मात्र काँग्रेसची बैठक नसताना फिरवाफिरव करण्याची पळवाट अध्यक्षांना ठेवण्यात आलीच. एवढे वैर असूनही नव्या पक्षाने जुन्यांचे कर्ज नाकारले नाही. १८०२ मध्ये मद्याचा कर उठविला, १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरना लुइझियाना घेतला, आणि तरीही १८०१ चे सुमारे ८ कोटी ३० लाखांचे कर्ज १८१२ पर्यंत साडेचार कोटींवर आणले. इंग्लंडशी झालेल्या युद्धाने ते पुन्हा वाढले, आणि अखेर १८३५ च्या जानेवारीत निःशेष फिटले.

रोखेधारकांची पै न् पै चुकती झाली. शिपायांचे काय? १८१८ मध्ये काँग्रेसला त्यांची आठवण झाली आणि गरजू वृद्ध शिपायाला दरमहा आठ डॉलर देण्याचे ठरले. खर्च फुगताच १८२० मध्ये दुसरा कायदा आला: प्रत्येकाने न्यायालयात उभे राहून आपल्या साऱ्या चीजवस्तूंची यादी शपथेवर द्यावी आणि आपले दारिद्र्य सिद्ध करावे. त्याप्रमाणे गाय, डुक्कर, किटली, मोडकी खुर्ची यांच्या याद्या होऊ लागल्या व अनेकांची नावे कमी झाली. १७९० मध्ये दाखले घेऊन आलेल्या सटोडियांना, हे तुम्ही कोणाकडून व काय भावाने घेतले, एवढाही प्रश्न कोणी विचारला नव्हता.