पेढीवरील तसबीर

पेढीच्या भिंतीवरील आजोबांची तसबीर पिवळी पडू लागली की घराण्याची एक साक्षच पुसट होऊ लागते. तिची नवी प्रत काढताना मूळ छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. ४ बाय ६ इंचांच्या छायाचित्राचे त्यामुळे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात आणि ३०० पीपीआयने ८ बाय १२ इंचांची सुस्पष्ट प्रत निघते. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात जतन करून दुरुस्ती तिच्या प्रतीवरच करावी. डाग, ओरखडे पुसावेत. चेहऱ्यावरील सुरकुत्या मात्र राहू द्याव्यात. तो दोष नव्हे, ती ओळख आहे.

कागद निवडतानाही विवेक हवा. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी काचेवर जिलेटिनचा लेप देण्याची रीत मांडली. पारंपरिक फोटो-कागदावर आजही तोच प्राणिजन्य लेप असतो. इंकजेट छपाईसाठी सिलिकाचा लेप दिलेले कागद मिळतात. तथापि काही इंकजेट कागदांतही जिलेटिन असते, म्हणून उत्पादकाकडे आधी चौकशी करावी. पिग्मेंट शाईची प्रत सामान्यतः अधिक काळ टिकते. पूर्वजांचे स्मरण त्यांच्या आचाराला साजेशा साधनांनी व्हावे, यातच त्यांचा मान आहे.