काढू का?

मराठीच्या प्राध्यापिकेकडे लोक काय काय तपासायला आणतात, त्याची यादी करायची म्हटली तर या अंकाची पाने पुरायची नाहीत. लग्नपत्रिका येतात, निवृत्त होणाऱ्या साहेबांची मानपत्रे येतात, ‘गच्चीवर पापड वाळत घालू नयेत’ अशी सोसायटीची सूचनासुद्धा ऱ्हस्वदीर्घासाठी येते. यंदाच्या उन्हाळ्यात आली ती एक टिपणवही, आणि आणणारी माझी भाची. घरातल्या सगळ्यांचा रुसवा पत्करून या मुलीने बी.कॉम. सोडले, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि आता ती एका पार्लरमध्ये नोकरी करते. तिला शिकवणाऱ्या बाईंना आपल्या टिपणांचे मराठी नीट करून हवे होते. “मावशी, काम तुझ्याच विषयातले आहे,” असे म्हणून तिने वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्याच पानावर मथळा होता, ‘मुरूम व इतर डाग काढणे’.

आता मुरूम म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी नगरपालिकेचा रस्ताच येतो. खड्ड्यात टाकतात तोही मुरूम आणि सोळाव्या वर्षी गालावर येतो तोही मुरूम! पण त्यासाठी मराठीला गरीब समजण्याचे कारण नाही. कातडीवरच्या उंचसखल भागांसाठी आपल्याकडे तीळ, मस, चामखीळ, वांग, लासे, पुळी, पुटकुळी, केसतूड असा शब्दांचा भरगच्च डबा आहे. पुस्तकी भाषेत तारुण्यपीटिका आहे. सुश्रुताने तर यांना मुखदूषिका म्हटले आणि शाल्मलीच्या, म्हणजे आपल्या काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली. काटेसावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगायला नको.

वहीतले व्याकरण मी दोन संध्याकाळी नीट केले. अडले ते एका शब्दाशी. ‘वाफ दिल्यावर छिद्रांतील घाण काढावी,’ असे वाक्य जवळजवळ प्रत्येक पानावर होते. ही घाण म्हणजे काय, असे मी भाचीला विचारले. तिने जे सांगितले, ते मी आमच्या ओळखीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडून पडताळून घेतले, आणि घाण हा शब्द सगळ्या वहीतून खोडला.

गंमत अशी की नाकावरचा तो काळा ठिपका घाणीचा नसतोच. कातडीवरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक छोटी पिशवी असते. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकांमुळे ती पिशवी मोठी होते, तेल जास्त पाझरते. केसाच्या नळीतल्या मेलेल्या पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, आणि नळीच्या तोंडाशी बूच बसते. तोंड उघडे असले तर बुचाचे टोक काळे दिसते. तो रंग कातडीच्याच रंगद्रव्याचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा. तोंड बंद असले तर कातडीखाली नुसता पांढुरका उंचवटा दिसतो. साबणाने दिवसातून पाच वेळा तोंड खसाखसा धुणाऱ्या मुलींना हे कोणी सांगत नाही. त्या आपल्या धूळ, प्रदूषण आणि आईच्या हातची भजी यांना दोष देत बसतात.

बंद बुचाच्या आड तेल साठते. तिथे एक जंतू मुक्कामाला असतोच, एरवी निरुपद्रवी. त्याचे नाव पूर्वी प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस होते, ते २०१६ साली बदलून क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस झाले. (शास्त्रज्ञांनाही शुद्धलेखनासारखे काही छंद असतात.) तो साठलेल्या तेलावर वाढतो, नळीची भिंत कमकुवत होऊन आत फुटते, आणि मग आजूबाजूची कातडी लाल होते, सुजते, ठणकते. म्हणजे उघडे बूच, बंद बूच आणि पेटलेली पुळी ही तीन वेगळी प्रकरणे आहेत. ‘काढू की नको?’ या प्रश्नाचे उत्तर यांतले कोणते प्रकरण समोर आहे, त्यावर ठरते. बाईंच्या वहीत हे होते, पण सतराव्या पानावर, एका ओळीत. ती ओळ मी पहिल्या पानावर आणून ठेवली. संपादक म्हणून तेवढा हक्क मला असावा.

उघडे बूच काढता येते. आधी तोंड धुऊन, कातडी मऊ करून, निर्जंतुक केलेल्या छोट्या धातूच्या कड्याने अलगद दाब दिला की ते आपसूक वर येते. असल्या उपकरणांतल्या एकाला हँबर्गच्या उना नावाच्या डॉक्टरचे नाव आहे. ते १९२९ साली वारले, म्हणजे ही विद्या पार्लरपेक्षा दवाखान्यातच जुनी. दोनदा दाबून आले नाही तर सोडून द्यावे, हा भाचीच्या बाईंचा दंडक. बंद बुचाला तोंडच नसते. ते उघडायला टोचावे लागते, आणि टोचणे हे डॉक्टरचे काम. पेटलेल्या पुळीला मात्र बोट लावायचे नाही. तिच्यावर दाब दिला की आतला ऐवज वर येण्यापेक्षा खाली आणि बाजूला अधिक फाकतो, फुटकी भिंत आणखी फुटते, आणि आठ दिवसांच्या पुळीचा महिनोन्महिने टिकणारा काळा डाग होतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला हा डाग गोऱ्या कातडीपेक्षा लवकर पडतो आणि उशिरा जातो. खाजवून खरूज काढणे हा वाक्प्रचार कोणी सुचवला असेल तो अनुभवी माणूस असावा.

नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात तर जास्तच जपायचे. तिथल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध आहे, आणि पुळी पिळल्यामुळे जंतू त्या वाटेने आत गेल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत. प्रतिजैविके आल्यापासून असे फारच क्वचित घडते, म्हणून कोणी घाबरून झोप उडवून घेऊ नये. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असे नव्हे.

हे सगळे शिकायला वर्ष लागते. आठ दिवसांत ‘ॲडव्हान्स फेशियल’ शिकवून चौकटीत घालण्याजोगे प्रमाणपत्र देणारेही पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाला दोन्ही कागद सारखेच दिसतात. दुसऱ्यावर सोनेरी शाई जरा जास्तच असते. भाची सांगते, कडे धरायला त्यांना चार दिवसांत आले. पुढचे सगळे महिने गेले ते चेहरा बघण्यात. भिंगाखाली चेहरा न्याहाळायचा, कोणता ठिपका कशाचा ते वहीत मांडायचे, आणि शेवटी ‘काढणार का?’ या रकान्यात हो किंवा नाही लिहायचे. बाई त्या रकान्याचे गुण सगळ्यांत जास्त देत. डोळ्यांखाली येणारे मोहरीएवढे टणक पांढरे दाणे दिसले आणि मुलीने ‘हो’ लिहिले की गुण गेले, कारण त्या दाण्याला बाहेर यायला वाटच नसते. नाकावरचे बारीक करडे ठिपके बघून ‘हो’ लिहिले तरीही गेले, कारण तो तेलाच्या नळीतला नेहमीचा भरणा. आज काढला तर काही आठवड्यांत पुन्हा हजर. त्याला डाग म्हणणे म्हणजे भुवईला केस आहेत म्हणून तक्रार करण्यासारखे आहे.

आता जे सांगायचे आहे ते श्रावणातले. पार्लरमध्ये एक मुलगी आईला घेऊन आली. साखरपुडा नऊ दिवसांवर. हनुवटीवर एक मोठी, खोल, लाल गाठ. “ही काढून द्या,” आई म्हणाली. भाचीने ‘नाही’ म्हटले. आईने मालकीणबाईंना हाक मारली. मालकीणबाई काही दुष्ट नाहीत. जागेचे भाडे, विजेचे बिल, समोरच उघडलेले नवे पार्लर, हे सगळे त्यांच्या डोक्यावर आहे. त्यांनी हळू आवाजात भाचीला सांगितले, गिऱ्हाईक मागते ते द्यायचे. भाचीने फडक्यात बर्फ गुंडाळून त्या मुलीच्या हनुवटीला लावला आणि आजच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, म्हणून सांगितले. मायलेकी तडकाफडकी उठून गेल्या, आणि त्या फेशियलचे पैसे महिनाअखेरीस भाचीच्या पगारातून कापले गेले.

त्या रात्री ती माझ्याकडे आली, ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. तिला निराळाच प्रश्न पडला होता. “मावशी, मी नाही काढले तर ती घरी जाऊन नखाने काढणार. मग माझ्या नाही म्हणण्याचा तिला उपयोग काय झाला?”

प्रश्न खरा आहे. आरसा आणि नखे यांच्यावर कुणाची बंदी चालत नाही. ब्रोक नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८९८ सालीच अशा रोग्यांचे वर्णन करून ठेवले आहे, आणि नाव दिले आहे ‘तरुण मुलींचा ओरबाडलेला मुरूम’. मूळचा मुरूम चिमूटभर आणि नखांचे व्रण पसाभर. तरीही मी भाचीला सांगितले की तिच्या नखाने झाले असते ते तुझ्या कड्यानेही झालेच असते. फरक इतकाच की ते शिकलेल्या हाताने केले असे म्हणायला त्या मुलीला कारण मिळाले असते, आणि पुढच्या वेळी ती डॉक्टरकडे न जाता पुन्हा तिथेच आली असती. भाचीला हे सगळे पटले असे मला वाटत नाही. “तू पगारावर नाहीस ना त्या पार्लरच्या,” एवढेच ती म्हणाली, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्वचारोगतज्ज्ञ काय वेगळे करतात, हे वाचक विचारतील. अशा एकट्या मोठ्या गाठीत ते सौम्य केलेल्या स्टिरॉइडचे थेंबभर इंजेक्शन देतात, आणि दोन-तीन दिवसांत ती बसते. साध्या मुरमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन अशी लावायची औषधे असतात; त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि इथेच आपल्याकडचे अर्धे रोगी गळतात. हट्टी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी आहे. ती गुणकारी खरी, पण गर्भाला फार घातक. ती चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहू देता कामा नयेत. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईने हे डॉक्टरांपुढे स्पष्ट बोलावे, तिथे संकोच नको. आणि शेजारणीने दिलेली, ‘दोन दिवसांत चेहरा उजळला’ अशी ख्याती असलेली नळी घरात आणू नये. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. आधी उजळपणा, मग कातडी पातळ, लाल, आणि पूर्वीपेक्षा जास्त मुरूम! सरकारने २०१८ साली असली मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण शेजारणी चिठ्ठी मागत नाहीत.

आणखी एक, सुईबद्दल. टोचलेल्या जागी रक्ताचा ठिपका येतो, आणि काविळीचा ‘बी’ विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभरसुद्धा जिवंत राहू शकतो. स्पिरिटचा बोळा फिरवला की झाले, ही समजूत चुकीची. कुठल्याही पार्लरमध्ये हातात सुई दिसली तर नम्रपणे उठावे, चपला घालाव्यात.

दिवाळी तोंडावर आल्यामुळे पार्लरमध्ये सध्या रांगा आहेत. आमच्याकडे आंबेहळद, नागरमोथा, गवला कचरा असे उटणे कुटून ठेवले आहे, आणि पेटलेल्या पुळ्यांवर ते घासायचे नाही अशी तंबी माझ्या लेकीला भाचीने फोनवर आधीच दिली आहे. त्या मायलेकींचे पुढे काय झाले ते कळलेले नाही. त्या परत आल्या नाहीत. मालकीणबाईंनी दरपत्रकात ‘एक्स्ट्रॅक्शन’चा आकार फेशियलपासून वेगळा करून टाकला आहे, आणि दर खेपेमागे काम करणाऱ्या मुलीला त्यातले काही पैसे मिळतात. भाचीने आतापर्यंत किती वेळा हो म्हटले आणि किती वेळा नाही, याचा हिशेब ती त्याच वहीत, मागच्या पानावर ठेवते आहे. या महिन्यात ‘नाही’चा आकडा मोठा आहे.